सरकवलेली खुर्ची

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की फ्रेमताईचं उजवं कोपर आपोआप पोटाशी घट्ट व्हायचं. बघणाऱ्याला वाटायचं, बाईची उभं राहायची ढबच तशी असेल. फोटो-फ्रेमचं ते दुकान थोरल्या भावाचं. तो पुढे बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचा आणि ही मागच्या टेबलाशी काचा कापायची, फोटोभोवतीचे पुठ्ठे मोजायची, कुणाचं लग्न, कुणाची पदवी, कुणाचे गेलेले आजोबा चौकटीत बसवायची. फ्रेमताई हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. तिलाही ते आवडायचं, कारण त्या नावाचा तिच्या पोटाशी काही संबंध नव्हता.

कोपराखाली पिशवी होती.

कॉलेज संपता संपता तिच्या मोठ्या आतड्याला एक दुखणं लागलं आणि ते पुढे कितीतरी वर्षं तिच्या मानगुटीवर बसून राहिलं. आतून सूज, रक्त, पोटात पिळवटून येणं, आणि आलं की आलंच. दार गाठेपर्यंतसुद्धा धीर नाही. त्या वर्षांत तिला गावातले रस्ते दुकानांवरून आठवायचे नाहीत, कुठे संडास आहे आणि कुठे नाही यावरून आठवायचे. बसने जाणं बंद झालं, सिनेमा बंद झाला, लग्नाचा विषय घरच्यांनी आपणहून बंद केला. शेवटी डॉक्टरांनी ते आतडंच काढून टाकलं, लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. शुद्धीवर आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून खूप रडली. पण महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, की आपण दुकानात सकाळभर एका जागी उभ्या आहोत आणि एकदाही पळालो नाही. असं तिच्या विशी-पंचविशीत कधी झालंच नव्हतं.

पिशवी रिकामी करायला, धुवायला, नवी चिकटवायला दवाखान्यातल्या सिस्टरने शिकवलं. घरात ते फक्त वहिनीला धडपणे ठाऊक होतं. वहिनीने त्या प्रकाराला नावही ठेवलं होतं: धाकटी. "धाकटीचं काय म्हणणं आहे आज?" असं ती स्वयंपाकघरातून विचारायची, आणि ही आतून ओरडायची, "कोबी आवडला नाही म्हणते." धाकटीला वेळकाळ नव्हता. वारा सरला की ती बोलायची. कधी पुटपुटायची, कधी चारचौघांत चांगलं खणखणीत भाषण करायची. कोपर दाबून धरलं की आवाज दबायचा. म्हणून ते कोपर.

आता अशा बाईने व्हायोलिनच्या नादाला कशाला लागावं, असं कुणीही म्हणेल. भावाने म्हटलंच. "दोन्ही हात गुंतणार तुझे," तो म्हणाला. त्याला म्हणायचं होतं ते त्याने तेवढ्यावरच सोडलं, कारण बहिणीच्या पोटाचा विषय निघाला की तो भिंतीवरच्या चौकटी सरळ करायला लागायचा.

व्हायोलिन आत्याचं होतं. लहानपणी आत्याने तिला शिकवलं होतं, बरं वाजवायचीही. दुखण्याच्या वर्षांत ते माळ्यावर गेलं. ऑपरेशननंतर एका रविवारी तिने ते खाली काढलं, तारा बदलल्या, हनुवटीखाली धरलं आणि गज फिरवला. निघालेला आवाज ऐकून वहिनीने बाहेर येऊन विचारलं, "धाकटी का?" दोघी हसून हसून बसल्या. पण ती वाजवत राहिली. वाजवताना ती पोट विसरायची. दिवसभर जे कोपर पहारा द्यायचं ते वर उचललं जायचं, हवेत मोकळं फिरायचं, आणि तेवढा वेळ तिला आपण कुणाच्याही सारख्या आहोत असं वाटायचं.

मग गावातल्या हौशी वाद्यवृंदात तिने नाव घातलं. शाळेत संगीत शिकवणारे मास्तर तो चालवायचे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर आठवड्याला सराव व्हायचा. बासरीवाला दंतवैद्य, मेंडोलिन वाजवणारी बँकवाली, गिटार घेऊन येणारे एकाच घरचे दोन जावई, असा गोतावळा. सरावाच्या दिवशी ती दुपारपासून मोजकं खायची, भात आणि केळं, की धाकटी सुस्त राहील. निघण्याआधी पिशवी रिकामी. पोहोचल्यावर पहिलं काम, जिन्याशेजारचा संडास हेरून ठेवणं. पिशवीचं तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं. विचारलंच कुणी तर ती म्हणायची, "पूर्वी पोटाचा त्रास होता, आता बरी आहे."

तिच्या शेजारची खुर्ची लिफ्टकाकांची. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर गळ्यात अकॉर्डियन अडकवलं होतं. अंगाने आडवे, कानाने जरासे मंद, मिशा पांढऱ्याशुभ्र. त्यांचा भाता उघडला की शेजारच्याचा खांदा हललाच पाहिजे. पहिल्या दिवशी ती घाबरून कडेला बसली होती, तेव्हा त्यांनीच खुर्ची थोपटून बोलावलं. "इथे बस पोरी. माझ्या आवाजात तुझ्या चुका कुणाला ऐकू जायच्या नाहीत."

त्यांची सगळी भाषा लिफ्टची. सगळ्यांनी एकदम सुरू करायची जागा आली की ते पुटपुटायचे, "दार लागतंय, सांभाळा." मास्तर चिडले की, "आज ओव्हरलोड आहे." सुरावटीचे कागद ठेवायच्या तिच्या स्टँडचा एक पाय लुळा होता, पुढच्या आठवड्याला काका पिशवीतून स्क्रू आणि पान्हा घेऊन आले आणि गुडघे मोडून खाली बसून तो पाय नीट करून गेले. एवढ्या लोकांत तिची कुणाशी गट्टी जमली असेल तर ती त्यांच्याशीच.

वाचनालयाचा वर्धापनदिन आला. खालच्या सभागृहात कार्यक्रम, गावातली झाडून सगळी मंडळी, पहिल्या रांगेत शाळेची पोरं. मास्तरांनी एक लांबलचक रचना बसवली होती. तिच्या मधोमध सगळी वाद्यं थांबायची, मास्तर हात वर धरून शांतता ताणायचे आणि मग एकट्या व्हायोलिनने पुन्हा सुरुवात करायची. ती सुरुवात तिची होती. आठवडेच्या आठवडे तिने घर डोक्यावर घेतलं होतं त्या एका जागेसाठी.

त्या दिवशी दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून झालं. बाप खुशीत होता. फेसाळ सरबताच्या बाटल्या घेऊन आला, सगळ्यांच्या हातात दिल्या आणि संपवल्याशिवाय जाऊ देईना. "माझी मुलगी पदवीधर झाली ताई, घोटभर तरी!" घोटावर काही तो थांबला नाही. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागतं. तिने प्यायलं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. रचनेचा पहिला भाग नीट गेला. मास्तरांचा हात वर गेला. भाता, तारा, बासरी, सगळं थांबलं. तिने व्हायोलिन हनुवटीखाली घट्ट धरलं, गज उचलला. दोन्ही हात वर, कोपर हवेत. आणि त्या शांततेत धाकटी बोलली.

थोडंथोडकं नाही. लांब, ओला, चढत जाऊन मध्येच अडखळून पुन्हा सुरू झालेला आवाज. कशाचा म्हणून विचारायची गरज नाही, असा. पहिल्या रांगेतलं एक पोरगं फिस्सकन हसलं आणि मग अख्खी रांग फुटली. मागे मोठी माणसं तोंडाला रुमाल लावू लागली. आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या लिफ्टकाकांकडे. म्हातारे, आडव्या अंगाचे, मांडीवर अकॉर्डियन. दुसऱ्या कुणाकडे वळणार? शेजारची ती चाळिशीतली किरकोळ, नीटनेटकी बाई? छे!

काकांना आवाज ऐकू आला होता की नाही कोण जाणे, पण नजरा त्यांना कळल्या. ते गोंधळून इकडेतिकडे बघू लागले.

आणि तेव्हा फ्रेमताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाकीच्यांनी पाहिलं तसंच. मग पाय रेटून तिने आपली खुर्ची त्यांच्यापासून चार बोटं लांब सरकवली.

असं करायचं तिने ठरवलं नव्हतं. पुढे कितीदा तरी तिने स्वतःशी हे घोकून पाहिलं: मी ठरवलं नव्हतं, अंगानेच केलं. पण खुर्चीचे पाय फरशीवर करकरले, ते तिच्या पायांनीच.

काकांचे कान लालभडक झाले. मास्तरांनी हात खाली आणला. तिने सुरुवात केली, आणि सगळ्यात मोठी नामुष्की ही, की ती उत्तम झाली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. टाळ्या पडल्या.

पडद्यामागे बँकवाली वाद्य पेटीत ठेवता ठेवता म्हणाली, "काका, आज अकॉर्डियनला फारच वारा भरला होता हं!" सगळे खो खो हसले. काकाही हसले, अर्धवट. मग अकॉर्डियनचे पट्टे बांधत, कुणाच्याही तोंडाकडे न बघता म्हणाले, "माफ करा मंडळी. मला कळलंच नाही. वय झालं आता."

ती तिथेच उभी होती. कोपर पोटाशी घट्ट. एक वाक्य पुरलं असतं. काका, तुम्ही नव्हतात. जिभेवर आलंही ते. तेवढ्यात मास्तर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ताई, काय सुरुवात केलीत!" आणि वाक्य गिळलं गेलं.

पुढच्या सरावाला काका आले नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. त्याच्या पुढच्यालाही नाही. मास्तरांनी ती खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. "वय झालंय त्यांचं, आग्रह करायला नको," ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि सगळ्यांनी समजूतदार माना हलवल्या. तिनेही. पहिल्यांदा तिला चक्क हायसं वाटलं, हे तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं. शेजारी कुणी नाही म्हणजे संशयाला जागा नाही, असा हिशेब तिच्या मनाने परस्पर करून टाकला होता. पण खांद्याला भात्याचा धक्का बसेना, सुरुवातीला कुणी पुटपुटेना, आणि तिचं वाजवणं बिघडायला लागलं. घरी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की फरशीवरची ती करकर कानात यायची. शेवटी तिने ते पेटीत घालून पलंगाखाली ढकललं.

वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही. "धाकटी रुसली, का तू?" तिने भांडी विसळता विसळता विचारलं.

फ्रेमताईने सांगितलं. सभागृहात काय झालं इथपर्यंत सांगितल्यावर वहिनीला हसू आवरेना. साबणाच्या हाताने तिने तोंड झाकलं. "अगं बाई! शांततेतच बरा मुहूर्त साधला तिने! मग? तू काय केलंस?"

"काही नाही. सगळ्यांना वाटलं, काकांचं आहे."

"आणि तू?"

"मी खुर्ची सरकवली."

"कुठे?"

"लांब. त्यांच्यापासून."

वहिनीचं हसू विरलं. तिने नळ बंद केला, हात पुसले. ऑपरेशनपासून हिच्या चादरी धुणारी, रात्रीअपरात्री उठून पिशवी बदलायला मदत करणारी बाई ती. तिने कधी हिला शब्दाने दुखवलं नव्हतं. "हे मात्र वाईट केलंस," ती म्हणाली. "पिशवीचं काय, ती कुणाच्याही नशिबी येईल. पण हे तू केलंस."

रविवारी सकाळी फ्रेमताई काकांच्या घरी गेली. काकांची इमारत उंच होती, ते वरच्या मजल्यावर राहायचे. दार सुनेने उघडलं. नाव ऐकताच तिचा चेहरा उजळला. "या ना, बाबांच्या वाद्यवृंदातल्या ना तुम्ही? बरं झालं आलात. बघा तुमच्याने काही होतंय का." आणि मग आवाज खाली आणून तिने जे सांगितलं ते ऐकताना फ्रेमताईला बसायचं सुचेना. बाबा जेवायला टेबलावर येत नाहीत, ताट खोलीत नेतात. डॉक्टरांकडे तीनतीनदा जाऊन आले, पोटाच्या सगळ्या तपासण्या करवून घेतल्या. डॉक्टर म्हणतात काही नाही, यांना पटत नाही. नातवाला मांडीवर घेत नाहीत. "आणि लिफ्टने जात नाहीत हो! सगळा जन्म लिफ्टमध्ये गेला ज्यांचा, ते एवढे मजले जिन्याने चढतात-उतरतात. बंद जागेत लोकांबरोबर नको म्हणतात. गुडघे सुजलेत नुसते."

काका खोलीत खिडकीशी बसले होते. खुर्चीवर रबरी कापड अंथरलेलं. अकॉर्डियन पेटीत, पेटी कपाटावर. तिला बघून ते उठू लागले आणि मग काहीतरी आठवल्यासारखे पुन्हा बसले. "लांबच बस हं पोरी," ते म्हणाले. "खिडकी उघडीच आहे म्हणा."

ती लांब बसली नाही. समोरच्या स्टुलावर बसली आणि घरून निघताना पाठ केलेलं सगळं विसरून म्हणाली, "काका, तो आवाज तुमचा नव्हता. माझा होता."

काकांनी कानामागे हात धरला. तिला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. बाहेर सुनेच्या हातातलं काहीतरी वाजायचं थांबलं.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसले. "चांगली पोरगी आहेस तू. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढं अंगावर घेतेस. पण मला कळतं गं. मशीन जुनं झालं की आवाज येणारच. मी आयुष्यभर तेच ऐकत आलो."

तिने सगळं गृहीत धरलं होतं. ते चिडतील, ओरडतील, हाकलतील. पण खरं सांगितल्यावर ते आपल्याला मोठ्या मनाची ठरवतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. "नाही हो काका, खरंच. माझ्या पोटावर पिशवी आहे. माझं आतडं काढलंय. ती पिशवी वाजते."

"असं कुठे असतं?" काका समजूत घालावी तसे म्हणाले.

धाकटी नको तिथे बोलणारी. आज तिने एक शब्द काढावा तर गप्प. फ्रेमताई उठली. तिने दार लोटून घेतलं. सिस्टर, डॉक्टर आणि वहिनी सोडली तर जगात कुणीही जे पाहिलं नव्हतं, आईनेसुद्धा मरेपर्यंत ज्याकडे नीट बघायचं टाळलं होतं, ते दाखवायला तिने कुडत्याची उजवी कड वर उचलली.

काकांनी पाहिलं. मिस्त्रीने बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसं आधी, काय कुठे जोडलंय ते समजून घेत. मग त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. "खाली कर," ते म्हणाले.

तिने कुडता खाली केला. "दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आता नाही."

"हं." पुढे बोलले तेव्हा आवाज वेगळा होता. "हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही. हसतात लोक. मीही हसलो असतो. पण तू खुर्ची सरकवलीस."

तिला वाटलं होतं, ते त्यांना दिसलं नसेल.

"मला ऐकू कमी येतं, दिसतं नीट," काका म्हणाले. "मी मनात म्हटलं, ही आपली पोरगी, ही लांब सरकली म्हणजे खरंच मी घाण केली असणार. नाहीतर मी मानलंच नसतं. त्या बँकवालीला चार सुनावले असते. तू सरकलीस म्हणून मानलं मी."

"काका, मी..."

"तुझी अडचण मला कळली. दाखवलीस ती हिंमतही कळली. पण तुला स्वतःचं माहीत होतं ना, असं झालं की कसं वाटतं ते? तुला तर सगळ्यांहून जास्त माहीत होतं. आणि तेच तू उचलून माझ्या मांडीवर ठेवलंस." त्यांनी लोटलेल्या दाराकडे बोट केलं. "इथे दार लावून मला सांगून काय उपयोग? हसले ते तिथले सगळे. जा तू आता."

ती गेली. दारात सून बाजूला झाली. लिफ्टमध्ये आरसा होता, त्याच्याकडे पाठ करून ती उभी राहिली.

सरावाच्या दिवशी तिने दुकानातून निघताना दोनदा परत फिरायचं ठरवलं. वरच्या मजल्यावर सगळे आपापली वाद्यं लावत होते. ती बसली नाही. "मास्तर, मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"सराव झाल्यावर सांगा ना ताई, आज वेळ कमी आहे."

"नाही. आधीच." तिचा आवाज चिरकला. "वर्धापनदिनाला मध्ये जो आवाज झाला, तो लिफ्टकाकांचा नव्हता. माझा होता. मला पोटावर पिशवी लावलेली आहे, तिचा होता. मला तेव्हाच माहीत होतं. मी त्यांना माफी मागू दिली."

दंतवैद्याने बासरी पुसायला घेतली, पुसलेली पुन्हा पुसली. दोघा जावयांपैकी एकाची नजर नकळत तिच्या पोटावर गेली आणि त्याने ती ओढून छताकडे नेली. "अहो ताई," मास्तर शेवटी म्हणाले, "एवढं सगळं उघड सांगायची काय गरज होती? आम्ही तर विसरूनही गेलो होतो."

"काका विसरले नाहीत," ती म्हणाली.

मग बँकवाली उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "वाऱ्याचं मी बोलले होते," ती म्हणाली. "मी जाते त्यांच्याकडे. माझ्याबरोबर कोण येतंय?" मास्तर म्हणाले, मी. जावई म्हणाले, आम्हीही. त्या गडबडीत कुणी फ्रेमताईला 'तुम्ही येता का' असं विचारलं नाही, आणि आपणहून मी येते म्हणायचा तिला धीर झाला नाही. सगळे खाली गेल्यावर तिने खुर्च्या भिंतीशी लावल्या, दिवे मालवले आणि घरी गेली.

काका परत आले. लगेच नाही, गुडघ्यांची सूज उतरल्यावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं, बँकवालीने त्यांचं अकॉर्डियन स्वतः उचलून आणलं. फ्रेमताईने भिंतीशी ठेवलेली त्यांची खुर्ची आपल्या शेजारी मांडून ठेवली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि मास्तरांना म्हणाले, "मी पलीकडे बसतो, बासरीजवळ. तिथे उजेड बरा आहे." दंतवैद्याने सरकून जागा केली.

वाद्यवृंद सोडून द्यावा, असं तिच्या मनात दर आठवड्याला यायचं. वहिनी म्हणायची, "आता सोडलंस तर ते तुझ्या पोटामुळे सोडलंस असं सगळे म्हणतील. तुझ्या पोटाची काही चूक नव्हती." मग ती जायची. आता तिथे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते तिला वाटलं होतं तितकं सोपंही नव्हतं आणि तितकं भयंकरही नव्हतं. बँकवाली जरा जास्तच प्रेमाने वागायची, चहा विचारताना आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायची. एक जावई तिच्याजवळून जाताना श्वास धरतो, असा तिला संशय होता. धाकटी बोललीच मध्ये, तर फ्रेमताई मान वर करून म्हणायची, "माझं आहे," आणि कान तापलेल्या अवस्थेतच पुढे वाजवायची. दर वेळी तिला जमिनीत जावंसं वाटायचं. पण म्हणायची. शेजारची खुर्ची रिकामीच होती. तिथे बसायला कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी हो म्हणूनही आलं नव्हतं.

काका तिच्याशी बोलायचे नाहीत. वाईटही वागायचे नाहीत. आली की मान हलवायचे, गेली की मान हलवायचे.

मास्तरांनी नवी रचना काढली. त्यात व्हायोलिन आणि अकॉर्डियनने एकमेकांना उत्तर द्यायचं होतं; एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. खोलीच्या दोन टोकांना दोघं. पहिले दोन सराव ती त्यांच्याकडे न बघताच वाजवत राहिली आणि दोन्ही वेळा ओळ विस्कटली. तिसऱ्या वेळी ओळ पुन्हा फसली, तसा काकांनी भाता बंद केला आणि खोलीच्या पलीकडून, सगळ्यांदेखत म्हणाले, "फ्रेमताई, तू घाई करतेस. माझी ओळ संपायच्या आत घुसतेस. माझ्याकडे बघत जा."

त्यांनी तिला 'पोरी' म्हटलं नव्हतं. फ्रेमताई म्हटलं होतं, बाकीचे म्हणतात तसं. "हो काका," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ?"

"पुन्हा घे."

तिने व्हायोलिन उचललं आणि त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. बघता बघता तिचा चेहरा तापला, नजर खाली जाऊ लागली. पण खाली गेली तर ओळ पुन्हा चुकणार होती. काकांनी भाता उघडला. त्यांची ओळ संपेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने गज टेकवला.